गाळ सोमलाचा, हात कोणाचा?

आमच्या बालाघाटात एखादा वजनदार माणूस अचानक गेला, की तेरवी व्हायच्या आत ‘त्याला काहीतरी खाऊ घातलं’ ही कुजबुज सुरू होते. मग तो सरपंच असो, राइस मिलवाला असो की पक्षाचा जिल्हा पदाधिकारी. शुगर होती, नागपूरला जाऊन हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी शेवटच्या रात्री तो कोणाकडे जेवला याचीच चौकशी आधी होते. मी इथे फौजदारी वकिली करतो. त्यामुळे ही कुजबुज मर्ग (अकस्मात मृत्यूची नोंद), पंचनामा, विसरा (तपासणीसाठी राखलेले अवयव) आणि आरोपपत्र अशा पायऱ्या चढत कधी कधी माझ्या टेबलापर्यंत येते. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. विषाच्या प्रकरणात रसायनशास्त्र अर्धंच उत्तर देतं. पदार्थ कोणता, हे ते सांगतं. तो कोणाच्या हातून आला हे माणसांना विचारावं लागतं, आणि जिथे सत्तेचा प्रश्न असतो तिथे माणसं सोयीचं उत्तर देतात.

राजकारणातलं विष म्हटलं की लोक इटलीकडे बोट दाखवतात. बोर्जिया घराणं, मेडिची घराणं, पोकळ खड्याच्या अंगठ्या. यातलं किती खरं, याचा एक नमुना पाहा. पोप सहावा अलेक्झांडर, म्हणजे रॉड्रिगो बोर्जिया, १८ ऑगस्ट १५०३ ला रोममध्ये वारला. प्रेत फुगलं, काळं पडलं, आणि शहराने निकाल दिला: विष. ऑगस्टातल्या रोममध्ये कोणाचंही प्रेत काळं पडलं असतं, आणि त्या उन्हाळ्यात तिथे हिवतापाचा कहर होता. आज बहुतेक इतिहासकार हिवतापाचंच नाव घेतात. पण तेव्हा सोमल ओळखायची खात्रीची कसोटीच नव्हती. उलट्या, जुलाब, पोटात आग ही सोमलाची लक्षणं, आणि कॉलऱ्याचीही जवळपास तीच. मग पुरावा उरायचा एकच: कोणीतरी दिलेला कबुलीजबाब. तो कसा मिळवत असत हे सांगायला नको.

पण इटलीपर्यंत जायची आपल्याला गरज नाही. अस्सल दरबारी विषप्रयोगाचा खटला आपल्या मराठी माणसांच्या घरातच घडला आहे, आणि तोही रसायनशास्त्र शहाणं झाल्यानंतर.

९ नोव्हेंबर १८७४, बडोदा. इंग्रज रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेयर सकाळचा फेरफटका मारून परतला. त्याच्या कचेरीच्या खोलीत रोजच्याप्रमाणे पपनसाच्या रसाचं सरबत पेल्यात भरून ठेवलं होतं. त्याने दोन-तीन घोट घेतले. अर्ध्या तासाने डोकं गरगरू लागलं, मळमळलं, तेव्हा बाकीचं त्याने खिडकीतून व्हरांड्यावर फेकून दिलं. पेला ठेवायला गेला तर बुडाशी काळपट गाळ. त्याने रेसिडेन्सीचे डॉक्टर सिवर्ड यांना बोलावलं. सिवर्डनी गाळातला थोडा भाग कोळशाबरोबर काचेच्या नळीत तापवला, तेव्हा नळीच्या थंड भागावर धातूचं चकचकीत कडं उमटलं. उरलेला गाळ मुंबईला ग्रँट मेडिकल कॉलेजातले डॉ. ग्रे यांच्याकडे गेला. ते सरकारचे रासायनिक विश्लेषक होते. व्हरांड्याच्या चुनेगच्चीवर सांडलेल्या सरबताचे खरवडलेले अंशही त्यांच्याकडे गेले. ग्रे यांचं उत्तर स्पष्ट होतं. पांढरा सोमल.

इथे थोडा थांबतो, कारण फेयर का वाचला याचं कारण त्या गाळातच आहे. सोमल म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइड. पांढरी पूड, वास नाही, चव जवळजवळ नाही. शे-दोनशे मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीत मावेल एवढ्याने माणूस जाऊ शकतो. विष देणाऱ्याला आणखी काय हवं? पण तिच्यात दोन खोटी आहेत. ती पाण्यापेक्षा पावणेचार पट जड आहे आणि थंड द्रवात फार सावकाश विरघळते. उकळत्या पाण्यात बरीच विरघळते, गार सरबतात नाही. म्हणून पूड तळाशी बसली आणि वरचे दोन घोट फेयरच्या पोटात गेले. ज्या कोणी ती टाकली, त्याला सरबत ढवळून पाहणाऱ्या मालकाची भीती होती की रसायनाचं ज्ञान नव्हतं, देव जाणे. आणि एक गोष्ट: तोंडाला धातूची चव आली, असं फेयरचं म्हणणं होतं. सोमलाला तशी चव नसते.

ते कडं उमटतं कसं, हेही सांगायला हवं, कारण विषाच्या इतिहासाचे दोन तुकडे होतात ते याच जागी. १८३२ मध्ये इंग्लंडात जेम्स मार्श या रसायनतज्ज्ञाने एका खुनाच्या खटल्यात सोमल सिद्ध करणारा पिवळा साका तयार केला. तो ज्यूरीसमोर जाईपर्यंत बिघडला आणि आरोपी सुटला. चिडलेल्या मार्शने १८३६ मध्ये नवी रीत काढली. संशयित पदार्थ जस्त आणि गंधकाम्लाच्या भांड्यात टाकायचा. आर्सेनिक असेल तर त्याचा हायड्रोजनबरोबर वायू बनतो. तो वायू तापलेल्या काचनळीतून नेला की पुढच्या थंड भागावर काळसर आरसा बसतो. मिलिग्रॅमचा अंशही सुटत नाही. जस्त आणि आम्ल मात्र स्वतः निर्मळ हवं, नाहीतर भांड्यातलंच आर्सेनिक आरोपीच्या नावावर जमा होतं. पाच वर्षांनी राइन्श यांची तांब्याच्या पत्र्याची सोपी कसोटी आली. ज्या पांढऱ्या पुडीने युरोपातल्या दरबारांची शतकं निर्धास्त काढली, ती पुडी तिथून पुढे साक्षीदार झाली. बडोद्याचा खटला या नव्या युगातला.

आता दरबाराकडे वळू. गादीवर मल्हारराव गायकवाड. हा मनुष्य संत नव्हता. भाऊ खंडेरावांच्या जिवावर उठल्याच्या आरोपावरून तो पाद्रा गावी कैदेत होता. १८७० मध्ये खंडेराव वारले आणि कैदी थेट राजा झाला. खंडेरावांच्या विधवा जमनाबाई तेव्हा गरोदर होत्या. जिवाच्या धास्तीने त्या रेसिडेन्सीच्या आश्रयाला गेल्या, तिथेच त्यांना मुलगी झाली. मुलगा झाला असता तर मल्हाररावाची गादी गेली असती. खंडेरावांचे दिवाण भाऊ शिंदे तुरुंगात मेले, आणि त्यांना विष घातल्याचा बोभाटा झाला. राज्यकारभाराच्या तक्रारींवर १८७३ मध्ये इंग्रजांनी एक चौकशी आयोग आधीच बसवला होता. १८७४ मध्ये दिवाणगिरी सांभाळायला दादाभाई नवरोजी आले होते, आणि फेयर त्यांनाही नीट काम करू देत नव्हता. थोडक्यात, या राजावर विषाचा आरोप झाला तर लोकांनी तो सहज मानावा अशी त्याची कीर्ती होती. वकील म्हणून सांगतो, बदनाम आरोपीचा खटला सर्वांत अवघड; पुरावा तपासायच्या आधी माणूस तपासला जातो.

पण तारखा पाहा. २ नोव्हेंबरला मल्हाररावाने व्हाइसरॉय नॉर्थब्रुकला खलिता पाठवला होता: हा रेसिडेंट मला नको, बदला. नॉर्थब्रुक त्या विचाराला अनुकूल होता आणि महिनाअखेरीस फेयर गेला, लुईस पेली आला. ज्याला सरळ अर्जाने घालवता येतं, त्याला सात दिवसांत सोमल कशाला? याचं उत्तर दोन्ही बाजूंनी देता येतं. राजाला अर्जाचा निकाल आधी ठाऊक नव्हता, हेही खरं.

मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर तपासाला आले. डिसेंबरात रेसिडेन्सीच्या पट्टेवाल्यांचा हवालदार रावजी माफीच्या वचनावर बोलला: पुड्या राजवाड्यातून आल्या, सरबतात मी टाकल्या. नरसू जमादाराने माफी न मिळताच कबुली दिली आणि नंतर विहिरीत उडी घेतली; त्याला वर काढलं. राजाचा खाजगी चिटणीस दामोदरपंतही माफीच्या बोलीवर साक्षीदार झाला. आणि मग सापडली ती प्रसिद्ध पुडी. रावजीच्या चामडी पट्ट्याच्या आत सोमलाचा कागद. तो पट्टा तोवर दुसऱ्या पट्टेवाल्याच्या कमरेला होता. पुडी हाताला लागली ती सूटरच्या हाताखालच्या अकबर अली या अधिकाऱ्याच्या, आणि ती लागल्यावर साहेबाला बोलावण्यात आलं. इतके दिवस कमरेला वागवलेल्या पट्ट्यातली पुडी मूळ धन्यालाही आठवली नाही आणि नव्यालाही बोचली नाही. पोलिसांनी ‘पाहा, इथे आहे’ म्हणायचं आणि मग पंच बोलवायचे, हा क्रम आजही ज्यांच्या ओळखीचा आहे त्यांना जास्त सांगायला नको.

मल्हाररावाला अटक झाली आणि विषाचा आरोप तपासायला सरकारने वेगळा आयोग बसवला. बचावासाठी मल्हाररावाने लंडनहून सार्जंट बॅलंटाइन यांना आणलं. (सार्जंट ही तिथल्या ज्येष्ठ वकिलांची पदवी, पोलिसांशी संबंध नाही.) त्यांनी सोमलाला हातच लावला नाही. पेल्यात सोमल होता, कबूल. त्यांनी उलटतपासणी घेतली ती पट्ट्याची, माफीची आणि फेयरच्या ‘गुप्त बातमी’ची. कारण फेयरने १३ नोव्हेंबरलाच सांगितलं होतं की आपल्याला खात्रीलायक बातमी आहे, विषात सोमल, हिऱ्याची पूड आणि तांबं होतं. सोमल निघाला. चकाकणारे टणक कणही निघाले. ग्रे यांच्या मते ते काचेचे, गारेचे किंवा हिऱ्याचे असू शकत होते. तांबं निघालं नाही. बातमीदाराला घटक इतके नीट कसे ठाऊक, हे फेयरने सांगितलं नाही. हिरे विकल्याचं ज्या जवाहिऱ्याने पोलिसांपुढे लिहून दिलं होतं, तो आयोगासमोर फिरला आणि धाकाने लिहवून घेतलं म्हणाला.

हिऱ्याची पूड मला फार बोलकी वाटते. हिरकणी खाऊन प्राण दिल्याच्या कथा आपल्याकडे घरोघरी आहेत. नेमकी तीच समजूत इटलीतही होती. बेन्वेनुतो चेल्लिनी हा थोर सोनार-शिल्पकार रोमच्या सांत आंजेलो किल्ल्यात कैदेत असताना त्याच्या जेवणात हिऱ्याची पूड घालायचा कट झाला, असं त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. कोशिंबीर खाताना दाताखाली कचकच झाली. ताटात उरलेले कण त्याने खिडकीशी नेऊन दगडावर सुरीने दाबले. ते चुरडले. हिरा चुरडला नसता, म्हणून तो निश्चिंत झाला. ज्या कारागिराला पूड करायला हिरा दिला होता त्याने तो स्वतः ठेवून स्वस्त खडा कुटला, असं तो सांगतो. कैदेत, पोटात मरण गेल्याच्या भीतीत, या माणसाने कसोटी घेतली. मात्र खरा हिरा असता तरी तो बहुधा जगलाच असता. हिरा म्हणजे शुद्ध कार्बन. पोटातल्या आम्लाला तो दाद देत नाही, बारीक पूड आली तशी निघून जाते. म्हणजे बडोद्यात ज्याने कोणी हिरे कुटले, खरे असोत की कथेतले, त्याने खर्च वाया घालवला. पण राजाचा गुन्हा राजाला शोभेसा महाग हवा. नुसत्या सोमलाने ती शोभा येत नाही. तो कोणत्याही बोहऱ्याच्या दुकानात तोळ्याने मिळत होता.

आयोगात सहा जण. मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच, मीड आणि मेलव्हिल हे तीन इंग्रज. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह आणि सर दिनकरराव राजवाडे हे तीन एतद्देशीय. इंग्रज तिघे म्हणाले, दोषी. उरलेल्या तिघांना आरोप शाबीत झालेला दिसला नाही. पुरावा तोच, साक्षीदार तेच, गाळ तोच. माझ्या मते दिनकररावांचं म्हणणं बरोबर होतं, ते मराठी होते म्हणून नव्हे. सहआरोपीच्या माफीच्या कबुलीला स्वतंत्र दुजोरा हवा, हा साधा नियम आहे, आणि तो दुजोरा म्हणून जे काही पुढे आलं ते पोलिसांच्याच हातून आलं होतं.

मग सरकारने काय केलं? १९ एप्रिल १८७५ च्या जाहीरनाम्यात मल्हाररावाला पदच्युत केलं, आणि आयोगाच्या निकालावरून नव्हे, तर गैरवर्तन, गैरकारभार आणि सुधारणा करण्याची नालायकी यावरून, असं लिहिलं. म्हणजे अटक विषासाठी, खटला विषासाठी, शिक्षा दुसऱ्याच कशासाठी तरी. मल्हाररावाला मद्रासला पाठवलं. मे महिन्यात जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा मुलगा दत्तक घेतला, तो पुढे सयाजीराव झाला आणि त्याने बडोद्याचं सोनं केलं. परिणाम चांगला निघाला म्हणून लोक पद्धत विसरले. मी विसरायला तयार नाही.

ही पद्धत आमच्या भागाला नवी नव्हती. बालाघाट जिल्हा झाला १८६७ मध्ये. त्याआधी हा मुलुख नागपूरकर भोसल्यांचा. १ फेब्रुवारी १८१७ ला राजे परसोजी भोसले बिछान्यात मेलेले आढळले. त्यांचे चुलत भाऊ आप्पासाहेब त्या दिवशी चांद्याकडे. इंग्रजांनी आप्पासाहेबांनाच गादीवर मान्यता दिली, कोणी गळा तपासला नाही की पोट. वर्षभरात सीताबर्डीची लढाई झाली, बिनसलं, आणि मार्च १८१८ मध्ये रेसिडेंट जेंकिन्सने आप्पासाहेबांना धरलं तेव्हा परसोजींच्या खुनाचा पुरावाही हजर झाला. खून झाला असेलही. मला तो संभवनीय वाटतो. पण तो सिद्ध व्हायचा मुहूर्त राजकारणाने काढला.

आज यंत्रं आहेत ना, असं कोणी म्हणेल. आहेत. १५८७ मध्ये फ्लॉरेन्सचा फ्रांचेस्को मेडिची आणि त्याची बायको बियांका एका दिवसाच्या अंतराने मेले. भावानेच विष घातलं, अशी चारशे वर्षांची वदंता. २००६ मध्ये संशोधकांनी एका चर्चच्या तळघरातल्या मडक्यांमधल्या अवयवांच्या अवशेषांत आर्सेनिक सापडल्याचं प्रसिद्ध केलं. लगेच वाद: ते अवशेष त्यांचेच कशावरून, आणि प्रेत टिकवायच्या मसाल्यातलं आर्सेनिक नाही कशावरून? २०१० मध्ये दुसऱ्या गटाला फ्रांचेस्कोच्या हाडांत हिवतापाच्या जंतूच्या खुणा सापडल्या. यंत्र कितीही बारीक असो, मडकं कोणाचं हा प्रश्न यंत्राच्या बाहेरचा आहे. आमच्याच शेजारी, जुन्या राजनांदगाव जिल्ह्यातल्या कौडीकसा गावाच्या भूजलात आर्सेनिक आहे, हे १९९९ पासून छापून आलेलं आहे. तिथल्या माणसाच्या केसात ते निघालं तर सुनेला धरणार का? पुरलेलं प्रेत उकरताना वरची, खालची, बाजूची माती वेगळी घ्यायची असते ती याचसाठी.

बालाघाटात सोमल आता कोणी वापरत नाही. वारासिवनी-कटंगीकडे धानाच्या कोठीत ठेवायच्या सल्फासच्या गोळ्या, नाहीतर फवारणीचं औषध, दोन्ही घराघरात. सल्फासला ओल लागली की फॉस्फिन वायू सुटतो, आणि त्यावर उतारा नाही. ‘आरोपीच्या घरी विष सापडलं’ या वाक्याला इथे त्यामुळे काडीची किंमत नाही. फिर्यादीच्याही घरी ते असतंच. किंमत असते ती प्रवासाला. शवविच्छेदनानंतर जठर, आतडं, यकृत, मूत्रपिंडाचे तुकडे मिठाच्या दाट पाण्यात बरणीत भरतात, सील करतात, सोबत सीलचा नमुना पाठवतात. मग बरणी ठाण्याच्या मालखान्यात. तिथून प्रयोगशाळेत कधी गेली, मधल्या काळात कोणाच्या ताब्यात होती, रजिस्टरवर सही कोणाची. एका खटल्यात बरणीवरच्या लाखेवरचा ठसा आणि सोबतच्या नमुन्याचा ठसा मी शेजारी शेजारी ठेवायला लावले. दोन वेगळी अक्षरं होती. तपास अधिकारी म्हणाले, पितळेचा शिक्का बदलला होता. कधी बदलला, याची नोंद नव्हती. तोवर आरोपी असलेली सून आठ महिने तुरुंगात बसली होती, आणि गावाचा निकाल पहिल्याच आठवड्यात लागला होता.

सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये पुण्याच्या सायनाइड प्रकरणात विषाच्या खटल्याचे चार धोंडे मांडून दिले आहेत: हेतू, विषानेच मृत्यू, आरोपीजवळ विष असणं, आणि ते देण्याची संधी. पुण्याचा आरोपी सुटला. बडोद्याच्या खटल्याला हीच मोजपट्टी लावा; फेयर तर मेलाही नव्हता.

नव्या कायद्यात दोन कलमं समोरासमोर उभी आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १७६(३) सांगतं की सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी गेलंच पाहिजे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. उत्तम. तीच संहिता कलम ३२९ मध्ये सरकारी तज्ज्ञाचा अहवाल तो तज्ज्ञ न येताही पुराव्यात वाचू देते. बोलवायचं की नाही, हे न्यायालयाच्या मर्जीवर. १८७५ मध्ये एका राजासाठी डॉ. ग्रे आयोगासमोर उभे राहून बॅलंटाइनना उत्तरं देत होते. २०२५ च्या बालाघाटात शेतकऱ्याच्या सुनेसाठी एक टाइप केलेला कागद येतो, त्यावर ‘फॉस्फाइड पॉझिटिव्ह’ लिहिलेलं असतं, आणि कोणी काही विचारत नाही. तरुण वकिलांनी तज्ज्ञाला बोलवायचा अर्ज दरवेळी करावा. फेटाळला तरी तो कागदावर राहतो आणि अपिलात उपयोगी पडतो. आणि वार्ताहर मित्रांनी विसऱ्याचा अहवाल यायच्या आधी ‘विषप्रयोग’ हा शब्द कोणाच्याही नावाला जोडू नये. ज्याचं नाव एकदा छापलं, त्याच्या सुटकेची बातमी तुम्ही आतल्या पानावर चार ओळींत देता.